चढायच्या आधी ठरव

अगं, आधी मला एवढं सांग, तुला धाकधूक नेमकी कशाची वाटतेय? हरीण मारायची, की झाडावर पंधरा फूट उंच जाऊन बसायची? परवा फोनवर तू दोन्ही एकत्र करून बोलत होतीस आणि मागे तुझा मिक्सर चालू होता, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आज निवांत ऐक.

ऑफिसातल्या त्या बाईंनी तुला नोव्हेंबरात त्यांच्या रानात बोलावलंय, नवऱ्याचं एक जास्तीचं मचाण रिकामं असतं म्हणाल्या, आणि तू हसून ‘बघू’ म्हणालीस. आता जुलै चाललाय. विस्कॉन्सिनमध्ये जुलैत म्हटलेलं ‘बघू’ सप्टेंबरपर्यंत ‘हो’ होतं. तुझ्या वाट्याचा डबा ठरतो, गाडीत तुझी जागा ठरते. मग नाही म्हणायची तुझ्यासारखीला चोरी. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी गन सीझन सुरू होतो, नऊ दिवस चालतो, आणि त्या नऊ दिवसांसाठी साडेपाच लाखांच्या आसपास माणसं परवाने काढतात. इथे ही दिवाळी आहे बाई. तिला बोलावणं येणं म्हणजे तुला घरातलं मानलं, हे आधी लक्षात घे आणि त्याचा आनंद मान. पण आमंत्रणाचा मान राखायला झाडावर चढावंच लागतं असं नाही.

हरणाचा विचार नंतर करू. आधी झाडाचा.

नवखी माणसं बंदुकीला बिचकतात, आणि बिचकावंच. पण बंदुकीभोवती इथे नियमांचं कुंपण पक्कं आहे. गन सीझनमध्ये कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी हवेत, टोपी घातली तर तीही. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. बायका शिकारीला याव्यात म्हणून आणलेला तो गुलाबी. मी नारिंगीच घालते. शिवाय 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा दाखला लागतो. या सगळ्यामुळे गोळी लागून होणारे अपघात पूर्वीच्या मानाने खूपच कमी झालेत. झाडाला मात्र कोणी दाखला विचारत नाही. मचाणावरून पडून मणका मोडलेली, कमरेखाली लुळी पडलेली माणसं दर हंगामात असतात, आणि त्यात वर्षानुवर्षं चढणारे अनुभवी बाप्ये असतात. बरं, ती वर बसल्यावर पेंगून पडतात असं आपल्याला वाटतं. काही पडतातही. पण जास्त करून पडतात ती चढता-उतरताना, आणि शिडीवरून फळीवर पाय टाकायच्या त्या एका क्षणाला. पहाटेचा अंधार, पायऱ्यांवर दव गोठलेलं, अंगावर तीन थर कपडे, पायात जड बूट.

म्हणून बाईंना विचारायचा पहिला प्रश्न ‘हरणं किती दिसतात’ हा नाही. मचाण कसलं आहे, हा. शिडीचं असेल तर ठीक. झाडाला पट्ट्यांनी टांगलेली नुसती फळी असेल, किंवा झाडाला मिठी मारत मारत वर सरकवायचं क्लायंबर असेल, तर पहिल्या वर्षी सरळ नाही म्हण. मग विचार, ते कधीपासून झाडाला बांधलेलं आहे? काही लोक मचाण वर्षभर तसंच ठेवतात. उन्हाने पट्टे कुजतात, खारी ते कुरतडतात, आणि झाड जाड होत जातं तसा पट्टा ताणला जाऊन एक दिवस तुटतो. पट्टे या उन्हाळ्यात बदललेत का, हे विचारायला लाजू नकोस. झाड कोणतं, तेही विचार. ॲशचं असेल तर नको. एमराल्ड ॲश बोरर हा किडा विस्कॉन्सिनमध्ये 2008 साली सापडला आणि तेव्हापासून ॲशची झाडं उभ्या उभ्या वाळताहेत. बाहेरून धड दिसतात, आतून ठिसूळ झालेली असतात.

आणि हार्नेस. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. छाती, खांदे, मांड्या सगळीकडून बांधणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. नुसता कमरेचा पट्टा असेल तर चढायचंच नाही. झाडाला वरपासून बुंध्यापर्यंत एक दोर बांधलेला असतो, त्याला लाइफलाइन म्हणतात. त्यावर एक प्रूसिक गाठ असते. हाताने सरकवली की सरकते, झटका बसला की आवळते. जमिनीवर पाय असतानाच त्या गाठीत हार्नेसची कडी अडकवायची, चढताना गाठ वर सरकवत न्यायची, आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत कडी काढायची नाही. वर बसल्यावर गाठ डोक्याच्या वर हवी आणि दोरीत ढील जवळजवळ नको. म्हणजे घसरलीस तरी काही इंचांवर लटकशील आणि पाय मागे फळीवर टेकवता येईल. गाठ कमरेपाशी ठेवणारे फळीच्या खाली जाऊन लोंबकळतात, मग वर यायला काही धरायला उरत नाही. तसं लटकून राहणं हाही खेळ नव्हे. मांड्यांचे पट्टे आवळतात, रक्त पायांत साचतं आणि थोड्याच वेळात माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यासाठी हार्नेससोबत एक छोटा पट्टा येतो, त्याच्या फासात पाय देऊन उभं राहता येतं. तो पट्टा आणि फोन, दोन्ही छातीच्या खिशात हवेत. वर टांगलेल्या पिशवीतला फोन त्या वेळी काय कामाचा!

बंदूक घेऊन शिडी चढायची नाही. गोळ्या काढलेली बंदूक खाली दोरीला बांधून ठेवायची, नळी चढणाऱ्याकडे येणार नाही अशी. वर बसून, कडी पक्की करून, मग ती ओढून घ्यायची. उतरताना हेच उलट.

आता बायकांचं. हे तुला त्या बाईंच्या नवऱ्याकडून कळणार नाही. हार्नेस बहुतेक पुरुषांच्या अंगाच्या मापाने बेतलेले असतात, छातीचा पट्टा आपल्याला गळ्याशी येतो. बायकांच्या मापाचे मिळतात, तेच घ्यायचे. पाळीचे दिवस असतील तर त्या आठवड्यात चढू नकोस असं काही नाही, पण हार्नेसखाली पाच तास अवघडून बसणं तुझं तुलाच ठरवावं लागेल. लघवीला खाली उतरावं लागतं. म्हणून बायका पाणी पीत नाहीत, मग थंडीत डोकं धरतं. पाणी पी आणि सरळ उतर. कॉफी मात्र नको. उतरताना हरीण पळालं तर पळालं. आणि निळी जीन्स घालू नकोस. हरणाला नारिंगी मळकट दिसतो, निळा मात्र स्वच्छ दिसतो. कपडे सुगंधी पावडरीत धुऊ नकोस, त्या दिवशी केसांना तेलही नको. हरणाचं नाक म्हणजे काय चीज आहे हे तिथे गेल्यावर कळेल. मचाण बांधतात ते मुख्यतः त्या नाकासाठीच. उंचावर असलं की आपला वास बऱ्याचदा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. सकाळी ऊन तापलं की हवा वर उठते आणि वास वर जातो, संध्याकाळी हवा खाली उतरते आणि तोच वास घेऊन झाडाच्या बुंध्याशी येते.

तू म्हणशील, ताई, एवढं सगळं सांगतेस म्हणजे जाऊ नको असंच ना? थांब. कायद्याचं राहिलंय.

तू अजून एच-वन-बी वर आहेस. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत; त्यातला एक म्हणजे चालू, वैध शिकार परवाना. म्हणजे परवाना हातात नसताना बाईंच्या परसात ‘घे गं, एक बार काढून बघ’ म्हणून दिलेली रायफल उचलणं हाही गुन्हा ठरू शकतो, आणि तो तुझ्या ग्रीन कार्डाच्या आड येईल. त्या बिचाऱ्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही, ते इथेच जन्मले. आधी वर्ग, मग परवाना, त्यानंतर बंदुकीला हात, आणि त्या आधी तुझ्या वकिलाला एक ईमेल. क्रॉसबो आणि धनुष्याला हा कायदा लागत नाही. मी क्रॉसबोकडे वळले त्याला तेही एक कारण होतं. वर्गाशिवाय जायची सोय विस्कॉन्सिनमध्ये आहे, त्याला मेंटॉर्ड हंटिंग म्हणतात, पण मग शिकवणारा तुझ्या हाताच्या अंतरावर हवा, म्हणजे दोघांच्या मचाणावर दिवसभर खांद्याला खांदा लावून. त्या बाई असतील तर बस. त्यांचा नवरा कितीही सज्जन असला तरी तुला अवघडल्यासारखं होणार असेल तर तसं स्पष्ट सांग, कोणी रागावत नाही.

दुसरं, जमीन कोणाची हे पाहून घे. तिची हद्द नकाशावर नको, पायांनी चालून बघ. वॉसॉमध्ये तुझ्या आजूबाजूला हमोंग कुटुंबं खूप आहेत, त्यांच्यातल्या कोणाला 2004 बद्दल विचारलंस तर गप्प होतील. त्या नोव्हेंबरात, गन सीझनच्या दुसऱ्याच दिवशी, उत्तरेला सॉयर काउंटीत एक हमोंग शिकारी परक्याच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर बसलेला सापडला. तो उतरला, निघाला, मालक मंडळी आली, बाचाबाची झाली. शेवटी सहा माणसं मेली, दोन जखमी झाली. मला वंशावरून शिव्या दिल्या आणि पहिली गोळी तिकडून आली, असं तो म्हणाला. ज्युरीने मानलं नाही, तो जन्मठेप भोगतोय. मी कोणाची बाजू घेत नाही. एवढंच म्हणते की रिकामं मचाण दिसलं म्हणून त्यावर बसायचं नसतं, आणि आपल्या रंगाच्या बाईने रानात एकटीने चुकून हद्द ओलांडू नये. हे बोलायला मला आवडत नाही, पण दुसरं कोण बोलणार तुझ्याशी?

बरं, आता हरीण.

आपण परतवाड्याच्या मुली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटातल्या पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजायचे, तांबडी भेकरं, गवे, एखादं अस्वल, आणि सकाळी वनखात्याचा कागद भरून द्यायचा, हे आपल्याला ओळखीचं. तिथे 1972 च्या कायद्याने शिकारच बंद, त्यामुळे मचाणावर बसणं म्हणजे नुसतं बघणं. तुझा गोंधळ तिथून येतो असं मला वाटतं. तुझ्या अंगाला ती बैठक ठाऊक आहे, फक्त हातात काही असायची सवय नाही.

लोक तुला सांगतील की हरणं फार झालीत, मारली नाहीत तर रान खातात. ते खोटं नाही. लांडगे जवळजवळ संपवले, मग हरणं वाढली आणि कोवळी हेमलॉक, सीडरची रोपं वर येईनात. ऑल्डो लिओपोल्ड, बाराबूजवळच्या झोपडीतला तो प्रोफेसर, स्वतः शिकारी होता. 1943 मध्ये राज्याच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनवर असताना माद्याही कमी कराव्या लागतील म्हणाला, तर लोकांनी त्याला शिव्या घातल्या. हे सगळं वाच, पटलं तर घे. पण जंगल वाचवायला म्हणून कोणी थंडीत पहाटे चारला उठत नाही, गं. उठतात ते मजा येते म्हणून, मटण मिळतं म्हणून, बापाबरोबर जायचे म्हणून. ते कबूल करणारी माणसं मला जास्त बरी वाटतात. तसंच ‘मटण तर खातेस ना, मग?’ हेही कोणी म्हणालं तर घाबरून जाऊ नकोस. खाटकाकडून आणलेलं मटण खाणारीने हरीण मारलंच पाहिजे असा काही हिशोब नाही. मात्र बघायचं असेल की आपण खातो ते कुठून येतं, तर याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

मचाणावरची शिकार जमिनीवरच्या शिकारीहून वेगळी का, ते सांगते. जमिनीवर हरीण पळत असतं, तू पळत असतेस, बऱ्याचदा काही ठरायच्या आतच सगळं होऊन जातं. झाडावरून ते तुझ्या खाली येतं. वीस पावलांवर. शेंगदाणा फोडावा तसे ओकची फळं फोडण्याचे आवाज येतात, कान एकेक करून फिरतो, नाकपुडी ओली दिसते. त्याला तुझा पत्ताच नसतो. तुझ्याकडे कधी कधी पाच मिनिटं असतात, आणि त्या पाच मिनिटांत काळीज असं धडधडतं की दोरीही थरथरते. त्या वेळी ‘मारू की नको’ याचा विचार करायला बसलीस तर विचार होणार नाही, नुसतं बोट हलेल. म्हणून खाली असतानाच ठरव. कोणतं हरीण चालेल, मादी चालेल का, पाडसासोबत असेल तर काय. किती अंतरापर्यंत. आणि कोणत्या कोनातून.

कोनाचं मुद्दाम सांगते. उंचावरून, हरीण अगदी बुंध्याशी आलं की कोन फार तिरका होतो. गोळी किंवा बाण पाठीतून शिरतो आणि एकाच फुप्फुसाला लागतो. खाली बाहेर पडायला भोक नाही, म्हणजे जमिनीवर रक्ताचा माग नाही. ते जनावर कुठेतरी जाऊन तासन्‌तास मरतं आणि तुला सापडत नाही. पंधरा-सोळा फूट पुरे. पंचवीस फुटांची फुशारकी मारणाऱ्यांना नमस्कार करावा. आडवं उभं असेल, किंवा किंचित पाठमोरं, आणि थोडं लांब, तरच. बाकी जाऊ द्यायचं. उंचीचा एक फायदा खरा, गोळी जमिनीत जाते, पलीकडच्या माणसापर्यंत नाही.

लागल्यानंतरचं काम कोणी आमंत्रणात लिहीत नाही. लागलं की लगेच उतरून धावायचं नसतं. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, ते जवळच सापडेल. हिरवट घाण दिसली तर आतड्याला लागलं, मग सात-आठ तास थांबून शोधायचं, मध्येच उठवलं तर ते फार लांब जातं. सापडल्यावर पोट फाडून आतडी काढायची, कोपरापर्यंत हात ऊबदार रक्तात. वास मटणाच्या दुकानातला नाही, ओल्या गवताचा असतो. हे हातांनी करायची तयारी नसेल, दुसऱ्याने करावं असं मनात असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मग मारू नकोस.

मी राहते त्या माउंट होरेबच्या बाजूलाच 2002 मध्ये हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा या राज्यात सापडला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही. पण तो ज्याने होतो ते प्रायॉन शिजवून मरत नाहीत, आणि बाधित जनावराचं मटण खाऊ नये असं सीडीसी सांगते. तपासणी राज्याकडून फुकट होते, हरणाचं डोकं पेटीत टाकून यायचं आणि निकाल येईपर्यंत मटण चिठ्ठी लावून फ्रीजरमध्ये. तुमच्या भागात काय स्थिती आहे ते त्या वर्षीच्या नकाशावर बघ. शिशाच्या गोळीचे बारीक कण मटणात पसरतात, म्हणून तांब्याची घ्यायला सांग. आणि घरी आल्यावर सगळं अंग तपासायचं, गुडघ्यामागे, काखेत. इथल्या गोचिडी लाइम नावाचा आजार देतात.

शिजवायचं मी शिकवीन. हरणाची चरबी टाळूला मेणासारखी चिकटते, ती सगळी काढून टाकायची. पाठीचा मऊ भाग कुकरला लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मांड्या आणि नळ्यांना मात्र आपला वऱ्हाडी रस्सा, खोबरं भाजून, तिखट जरा हात राखून, मंद आचेवर.

आईला तू सांगणार असशील तर मी मध्ये पडणार नाही. ती मारीच राक्षसापासून सुरुवात करील आणि तुझ्या लग्नावर संपवील, तेवढं ऐकायची तयारी ठेव.

तर माझ्या मते जा. या वर्षी मात्र हात रिकामे ठेवून जा. ऑक्टोबरात एखाद्या दुपारी, दिवसाउजेडी, त्या बाईंसोबत शिडी चढ, अंधार पडेपर्यंत बस, उतर. उंचीवर पाय लटपटले तर तिथेच विषय संपला. जमिनीवर ग्राउंड ब्लाइंड म्हणून तंबू असतो, त्यात बसूनही शिकार होते आणि त्यात कमीपणा काही नाही. उंची जमली, तर नोव्हेंबरात कॅम्पवर जा, भाकऱ्या घेऊन जा, त्यांचं हरीण ओढायला आणि सोलायला हात लाव. ते केल्यावर तुला पुढच्या वर्षीचं उत्तर कोणाला विचारावं लागणार नाही. आणि बाईंना आजच कळव, की येईन, पण पहिल्या वर्षी बघायला. त्यांना ते आवडेल बघ, इथे शिकाऊ माणसाची कोणी टिंगल करत नाही.

हंटर एज्युकेशनचे वर्ग उन्हाळ्याच्या शेवटी भरतात आणि पटापट भरून जातात, नाव याच आठवड्यात घाल. मी हार्नेस बघायला जाणार आहे शनिवारी. तुझं वजन कळव, थंडीच्या कपड्यांसकट, आणि खरं कळव.